खेकड्याची नोंद कोणाच्या नावावर?

इ. स. १७९८. योहान ख्रिस्तियन फाब्रिसियस या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने कीटकांविषयीच्या आपल्या मोठ्या ग्रंथाला एक पुरवणी जोडली. त्या काळी खेकडे आणि कोळंब्या कीटकांच्याच पंक्तीत बसवल्या जात, म्हणून त्या पुरवणीत खेकडेही आले. त्यांतील एका खेकड्याला त्याने ‘ट्रँक्वेबारिकस’ असे विशेषण दिले. ट्रँक्वेबार म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी. १६२० ते १८४५ या काळात ती डॅनिश व्यापाऱ्यांची वसाहत होती. आपल्या किनाऱ्यावरच्या एका गावाचे नाव अशा रीतीने चिखलातल्या एका खेकड्याला कायमचे चिकटले.

फाब्रिसियस भारतात कधीच आला नाही. तो कील येथे प्राध्यापक होता आणि तरंगमबाडीहून जहाजाने गेलेले प्राणी त्याच्या हाती पडत. ते पाठवणाऱ्यांत डालडॉर्फ नावाचा एक डॅनिश अधिकारी होता. १७९१ मध्ये तरंगमबाडीजवळ ताडाच्या खोडावर चढणारा मासा पाहिल्याची हकीकत ज्याने लिहून ठेवली, तोच हा डालडॉर्फ. ती हकीकत १७९७ मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. म्हणजे नाव देणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि पाठवणाऱ्याचेही. पण चिखलात हात घालून तो खेकडा बिळातून बाहेर कोणी काढला? त्याला तो खेकडा कुठे मिळतो, केव्हा मिळतो, हे कोणाकडून कळले होते? याची नोंद नाही.

भारताच्या खाड्यांमधील खेकड्यांचा वैज्ञानिक इतिहास या विसंगतीपासून सुरू होतो. आज नदीमुखांतील खेकड्यांच्या नोंदी करण्यासाठी सामान्य लोकांना हाक दिली जाते, तेव्हा ती कल्पना अगदी नवी आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः लोक या कामात पहिल्या दिवसापासून होतेच, फक्त त्यांची नावे लिहिली गेली नाहीत. हा लेख त्या इतिहासाविषयी आहे आणि त्या इतिहासातून निघणाऱ्या एका आवाहनाविषयीही.

चिखलाचे कारभारी

आधी थोडे जागेविषयी. नदी समुद्राला मिळते तिथे गोडे आणि खारे पाणी दिवसातून दोनदा एकमेकांत शिरते. भरती पाणी आत ढकलते, ओहोटी ते बाहेर ओढते. पाण्याचा खारेपणा तासातासाला बदलतो आणि जमीन कधी पाण्याखाली तर कधी उन्हात असते. अशा ठिकाणी टिकून राहणे सोपे नाही. खेकड्यांना ते साधले आहे.

खारफुटीच्या वनात झाडांची गळलेली पाने ओढून नेणारे आणि खाणारे खेकडे आहेत. ते नसते, तर त्या पानांचा बराच भाग ओहोटीबरोबर समुद्रात गेला असता. खेकड्यांची बिळे घट्ट, कोंदट चिखलात हवा आणि पाणी खेळवतात. एक नांगी अवाढव्य असलेला चिमुकला फिडलर खेकडा दर ओहोटीला बाहेर येतो, चिखलाचे कण तोंडात घोळवतो, त्यातले अन्न ठेवून घेतो आणि उरलेल्या मातीच्या गोळ्या बाहेर टाकतो. मासे, पाणपक्षी आणि मुंगसे खेकडे खातात. माणूसही खातो. कोकणात आणि गोव्यात कुर्ली, मुंबईच्या कोळीवाड्यांत चिंबोरी म्हणून ज्याचे कालवण होते, तो चिखली खेकडा भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर हजारो कुटुंबांची मिळकत आहे. सुंदरबनात तर तो पकडण्यासाठी माणसे वाघाच्या वाटेत जातात.

तेव्हा खाडीत कोणते खेकडे आहेत, किती आहेत आणि ते वाढत आहेत की घटत आहेत, हा प्रश्न केवळ संग्रहालयाचा नाही.

बर्लिन, कील, कोलकाता

चिखली खेकड्याला सर्वांत जुने वैज्ञानिक नाव मिळाले ते तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर. लिनिअसचा शिष्य पेटर फोर्सकल डॅनिश राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत होता. १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने त्याचा अंत झाला. त्याची टिपणे १७७५ मध्ये प्रसिद्ध केली ती त्या मोहिमेतून एकटाच जिवंत परतलेल्या कार्स्टन नीबूर याने. हाच नीबूर वाटेत मुंबईला उतरला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेऊन त्याने चित्रे काढली होती. फोर्सकलच्या त्या टिपणांतील ‘सेराटस’, म्हणजे दातेरी कडेचा, हाच आजचा ‘स्किला सेराटा’.

त्यानंतर बर्लिनमधील धर्मोपदेशक योहान फ्रीडरिश विल्हेल्म हर्ब्स्ट याने १७८२ ते १८०४ या काळात खेकडे आणि त्यांच्या सोयऱ्यांवर तीन खंडांचा सचित्र ग्रंथ लिहिला. त्यात १७९६ मध्ये आणखी एका चिखली खेकड्याला ‘ऑलिव्हेसियस’ हे नाव मिळाले. मग १७९८ मध्ये फाब्रिसियसचा ‘ट्रँक्वेबारिकस’ आला. तेवीस वर्षांत तीन नावे जन्मली. ही तीन नावे पुढे दोन शतके एकमेकांच्या पायांत अडखळत राहिली. त्याविषयी पुढे सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अभ्यासाचे केंद्र युरोपातून कोलकात्याला आले. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण-जहाजावर १८८८ ते १८९२ या काळात आल्फ्रेड अल्कॉक हा डॉक्टर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून काम करीत होता. पुढे तो कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयाचा प्रमुख झाला. १८९५ ते १९०० या काळात त्याने भारतातील खेकड्यांवर लिहिलेली सहा निबंधांची मालिका एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आली. भारतीय खेकड्यांचे नाव निश्चित करताना आजही ते निबंध उघडावे लागतात. १८९२ मध्ये त्याने फिडलर खेकड्यांच्या वर्तनावरही एक टिपण प्रसिद्ध केले. नर आपली मोठी नांगी मादीसमोर हलवतो आणि प्रतिस्पर्ध्याशी तिनेच झुंजतो, हे त्याने चिखलाच्या काठी थांबून पाहिले होते. बाटलीतल्या मेलेल्या खेकड्यावरून ते कळणे शक्य नव्हते.

‘इन्व्हेस्टिगेटर’ने मिळवलेल्या प्राण्यांची चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. त्यांच्या तळाशी ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल ही दोन बंगाली चित्रकारांची नावे आहेत. या साऱ्या इतिहासात भारतीय माणसाचे नाव कागदावर उमटल्याचे हे सुरुवातीचे उदाहरण. ती नावे उमटली याचे कारण साधे आहे. चित्राखाली चित्रकाराचे नाव लिहिण्याची रीत होती. पकडणाऱ्याचे नाव लिहिण्याची रीत नव्हती.

अल्कॉकनंतर नेल्सन ॲनान्डेल आला. त्याने आणि स्टॅन्ली केम्पने ओडिशातील चिलिका सरोवराची पद्धतशीर पाहणी केली. तिचे वृत्तांत १९१५ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यात केवळ प्राण्यांची यादी नव्हती. सरोवराचे पाणी पावसाळ्यात गोडे होते आणि उन्हाळ्यात खारे, त्या बदलाबरोबर कोण येतो आणि कोण जातो, याकडे त्यांचे लक्ष होते. १९१६ मध्ये ॲनान्डेलच्या पुढाकाराने भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली.

एका नावाचा घोळ

आता त्या तीन नावांकडे वळू.

चिखली खेकडे दिसायला बरेच सारखे असतात. एकाच जातीची ही रूपे आहेत की वेगवेगळ्या जाती, यावर तज्ज्ञांचे एकमत नव्हते. १९४९ मध्ये फिलिपिन्समधील एस्टॅम्पाडोर या संशोधकाने त्यांचे वेगवेगळे गट मांडले. तिथले मच्छीमार हे खेकडे आधीपासूनच वेगळ्या नावांनी ओळखत होते. त्यांच्यापैकी ‘मामोसाइन’ हे बोलीतले नाव एस्टॅम्पाडोरने वैज्ञानिक नावात गुंफले आणि ‘पॅरामामोसाइन’ हे नाव तयार झाले. पण १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातील स्टीफन्सन आणि कॅम्पबेल यांनी या विभागणीबद्दल शंका घेतली. त्यानंतर बहुतेक ठिकाणी सगळे चिखली खेकडे ‘स्किला सेराटा’ या एकाच नावाखाली लिहिले जाऊ लागले.

१९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी या प्रजातीचा नव्याने निवाडा केला. बाह्य रचना, प्रथिने आणि डीएनए हे तिन्ही पुरावे त्यांनी एकत्र तपासले. निष्कर्ष असा निघाला की जाती चार आहेत: सेराटा, ट्रँक्वेबारिका, ऑलिव्हेसिया आणि पॅरामामोसाइन. मच्छीमारांची नजर खोटी ठरली नाही. जे भेद त्यांना टोपलीत दिसत होते, ते प्रयोगशाळेत दिसायला आणखी अर्धे शतक लागले.

भारतात घोळ थोडा वेगळा होता. इथल्या मच्छीमारांना आणि अभ्यासकांनाही दोन प्रकार दिसत होते. एक मोठा, हिरवट, पायांवर जाळीदार नक्षी असलेला. दुसरा लहान, तांबूस नांग्यांचा, जवळजवळ बिननक्षीचा. अनेक वर्षे आपल्या शोधनिबंधांत मोठ्याला ट्रँक्वेबारिका आणि लहानाला सेराटा म्हटले गेले. १९९८ च्या निवाड्यानंतर आणि पुढे डीएनए-तपासणी झाल्यावर उलगडले की मोठा तो खरा सेराटा आहे आणि लहान तो ऑलिव्हेसिया. म्हणजे आपल्याकडे ‘सेराटा’ या नावाखाली अनेक वर्षे भलत्याच जातीची माहिती साठत होती. ज्या खेकड्याच्या नावात तरंगमबाडी आहे, ते नाव आपण ज्याला देत होतो तो तर वेगळाच निघाला.

हा केवळ नावांचा खेळ नाही. लहान जातीचा खेकडा कमी आकारातच प्रजननक्षम होतो, मोठ्या जातीच्या खेकड्याला त्यासाठी अधिक वाढावे लागते. किती आकाराखालचे खेकडे पकडू नयेत, हे ठरवायचे असेल तर जात ठाऊक असावी लागते. एका जातीची मोजमापे दुसरीला लावली, तर नियमाचा फायदा ना खेकड्याला होतो ना पकडणाऱ्याला.

इथे इतिहासाचा पहिला धडा हाती येतो. एखाद्या जुन्या अहवालात ‘अमुक खाडीत सेराटा विपुल’ एवढेच लिहिलेले असेल, तर आज आपण त्याचे काय करणार? त्या वाक्यात दोन्हींपैकी कोणतीही जात लपलेली असू शकते. ज्यांनी नमुना बाटलीत जपून ठेवला किंवा नांगीचे स्पष्ट चित्र दिले, त्यांची नोंद आजही पुन्हा तपासता येते. नाव चुकले तरी नोंद वाया जात नाही. ज्यांनी केवळ नाव लिहिले, त्यांची नोंद नावाबरोबर बुडाली. नाव हा निष्कर्ष असतो आणि निष्कर्ष बदलतात. पुरावा जपला तरच पुढच्या पिढीला आपला निष्कर्ष सुधारता येतो.

याद्या आहेत, मोजणी कुठे आहे?

स्वातंत्र्योत्तर काळात काम थांबले नाही. तारापोरवाला मत्स्यालयाशी संबंधित बोमन छापगर यांनी १९५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील सागरी खेकड्यांवर विस्तृत निबंध लिहिला. तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आला. तमिळनाडूत वेल्लार नदीच्या मुखाशी परंगीपेट्टै येथे अण्णामलै विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र केंद्राने पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी घडवले. तिथल्या किनाऱ्यावरील खेकड्यांचा स्वतंत्र ग्रंथ १९९१ मध्ये निघाला. २०१८ मध्ये भारताच्या सागरी खेकड्यांची एक समग्र सूची प्रसिद्ध झाली. तिच्यात ९१० जाती आहेत.

९१० हा आकडा मोठा आहे. पण यादी ‘काय आहे’ हे सांगते. ‘किती आहे, कुठे वाढले, कुठून गेले’ हे ती सांगत नाही. त्यासाठी त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन केलेल्या नोंदी लागतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तरंगमबाडीसह हा सारा किनारा झोडपून काढला. अशा आपत्तीनंतर पहिला प्रश्न असतो, ‘आधी काय होते?’ बंदर वाढवल्यावर, नदीवर धरण झाल्यावर, कारखान्याचे पाणी खाडीत सुटल्यावरही प्रश्न हाच असतो. आणि तो विचारला जातो तेव्हा ‘आधी’ हातून निसटलेले असते. भूतकाळात जाऊन मोजमाप घेण्याचे यंत्र भौतिकशास्त्रातही नाही.

भारताचा किनारा हजारो किलोमीटरचा आहे, नदीमुखे असंख्य आहेत आणि खेकड्यांचे तज्ज्ञ मोजकेच. प्रत्येक खाडीवर दर पंधरवड्याला शास्त्रज्ञ पाठवणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. पण प्रत्येक खाडीच्या काठी कोणीतरी राहतेच. शाळा असते, महाविद्यालय असते, मासळीबाजार असतो.

लोकांच्या नोंदीवर विश्वास ठेवावा का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने नव्हे, मोजमापाने द्यायला हवे.

२००८ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीपासून मेनपर्यंत ५२ ठिकाणी सुमारे एक हजार स्वयंसेवकांनी खेकड्यांच्या नोंदी केल्या. स्थानिक खेकडे कोणते आणि बाहेरून आलेले आक्रमक कोणते, हे त्यांना ओळखायचे होते. संशोधकांनी त्यांची उत्तरे तपासली. तिसरीतल्या मुलांची उत्तरे ८० टक्क्यांहून अधिक बरोबर होती आणि सातवीतल्या मुलांची ९५ टक्क्यांहून अधिक. नर-मादी ओळखणे मात्र अधिक अवघड ठरले. त्यात तशीच अचूकता येण्यासाठी काही वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण लागले. म्हणजे लोक चुकतात का, एवढे विचारून भागत नाही. कोणत्या कामात किती चुकतात, हे विचारावे लागते. प्रयोगशाळेतील उपकरणालाही आपण हाच प्रश्न विचारतो. चूक मोजता आली की ती हिशेबात धरता येते.

दुसरे उदाहरण वॉशिंग्टन राज्याचे. युरोपातील हिरवा किनारी खेकडा १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आढळला आणि पुढे उत्तरेकडे सरकत राहिला. वॉशिंग्टनमध्ये स्वयंसेवकांचे पथक २०१५ पासून ठरावीक ठिकाणी ठरावीक काळाने पिंजरे लावून पाहू लागले. महिनोन् महिने त्यांच्या वहीत त्या खेकड्यापुढे शून्यच होते. ऑगस्ट २०१६ मध्ये सान ह्वान बेटावरील एका खाडीत पहिला खेकडा पिंजऱ्यात आला. तो एकच होता आणि तो स्वयंसेवकांनाच मिळाला. आधीची सगळी शून्ये लिहिलेली होती, म्हणूनच तो ‘पहिला’ आहे, असे म्हणण्याला अर्थ आला.

आपल्याकडेही दाखला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल १५,५०० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर उभा आहे. ही माणसे कोण होती? बँकेत काम करणारी, शाळेत शिकवणारी, निवृत्त झालेली, शिकत असलेली. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने शहरातल्या लोकांना ओहोटीच्या वेळी समुद्रजीव दाखवले आणि त्यांच्या नोंदी करायला शिकवले. जे पक्ष्यांना साधले, ते खेकड्यांनाही साधेल. फक्त आकाशाकडे पाहण्याऐवजी पायांखाली पाहावे लागेल.

शून्याची किंमत

माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले, त्यामुळे शून्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

समजा, एखादी जात खाडीत आहे, पण एका फेरीत ती दिसण्याची शक्यता पाचात एक आहे. तर एका फेरीत ती न दिसण्याची शक्यता ०.८ झाली. दहा फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.११. वीस फेऱ्यांत ती सुमारे ०.०१ वर येते. याचा अर्थ असा की एका फेरीतल्या ‘दिसला नाही’ला फारसे वजन नाही, पण वीस फेऱ्यांतल्या ‘दिसला नाही’ला भरपूर वजन आहे. अट एकच: प्रत्येक रिकामी फेरी लिहून ठेवलेली हवी. लोक बहुधा दिसलेल्याची नोंद करतात आणि न दिसलेले विसरून जातात. त्यामुळे खाडी खरोखर रिकामी झाली की पाहणारे घरी बसले, हे नंतर कळत नाही.

तसेच वेळेचे. भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते, म्हणून ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि ओहोटीला पाणी दूरवर मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि चिखल कमी उघडा पडतो. एका महिन्यात उधाणाच्या ओहोटीला मोजले आणि दुसऱ्या महिन्यात भांगाच्या, तर खेकडे घटल्यासारखे दिसतील. खरे तर चंद्राने फक्त पाणी कमी मागे ओढलेले असेल. म्हणून किती वाजता गेलो, ओहोटी केव्हा होती आणि किती वेळ पाहिले, या तीन गोष्टी खेकड्याच्या नावाइतक्याच मोलाच्या आहेत.

आवाहन

आपण जिथे असाल, हुगळीच्या काठी, महानदीच्या, गोदावरीच्या, वेल्लारच्या, मांडवीच्या, ठाण्याच्या खाडीच्या किंवा नर्मदेच्या मुखाशी, तिथली एक छोटी वाट निवडा. शंभर पावलांची असली तरी चालेल. पंधरवड्यातून एकदा, तिथीच्या हिशेबाने सारख्याच ओहोटीला, तेवढीच वाट तेवढाच वेळ पाहा.

खेकडा दिसला तर त्याला उचलण्याचा हट्ट नको. बहुतेकदा छायाचित्र पुरते. एक छायाचित्र पाठीचे, त्यात दोन डोळ्यांमधली कड आणि तिचे दाते स्पष्ट दिसावेत. एक नांगीचे, बाहेरच्या बाजूने. शक्य असेल तर एक पोटाकडचे. नराच्या पोटाखालची झडप अरुंद असते, प्रौढ मादीची रुंद. शेजारी एखादे नाणे ठेवले तर आकार कळतो. चिखली खेकड्याच्या बाबतीत नांगीच्या मनगटाशी बाहेरच्या अंगाला दोन ठळक काटे आहेत की नाहीत आणि पायांवर जाळीदार नक्षी आहे की नाही, हे नक्की टिपा. सेराटा आणि ऑलिव्हेसिया यांचा दोनशे वर्षांचा घोळ या खुणांपाशीच सुटतो. नाव माहीत नसेल तर नुसते ‘खेकडा’ लिहा. खोट्या खात्रीपेक्षा ते फार बरे.

ओडिशाच्या आणि बंगालच्या किनाऱ्यावर घोड्याच्या नालेसारखा प्राणी आढळेल. त्याला नालखेकडा म्हणतात, पण तो खेकडा नव्हे. त्याचे नाते कोळी आणि विंचवांशी अधिक जवळचे आहे. तो कायद्याने संरक्षित आहे. त्याला हात न लावता नोंद करा.

आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या दोन्ही खुल्या व्यासपीठांवर छायाचित्र, ठिकाण आणि वेळ यांसह नोंद ठेवता येते आणि जाणकार ती तपासतात. रिकाम्या फेऱ्यांसाठी मात्र साधी वही ठेवा.

बिळे खणू नका. खारफुटीच्या राखीव भागात परवानगीशिवाय शिरू नका. एकटे जाऊ नका. भरतीची वेळ पाहिल्याशिवाय चिखलात उतरू नका.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खाडीवर जाल तेव्हा जाळे टाकणाऱ्या मावशींना, पिंजरे लावणाऱ्या काकांना आधी विचारा. ते त्या खेकड्याला काय म्हणतात, तो कोणत्या महिन्यात भरलेला असतो, पूर्वी मिळायचा पण आता मिळत नाही असा कोणता, हे ऐका आणि लिहून घ्या. त्यांची इच्छा असेल तर त्यांच्या नावासह लिहा, नसेल तर नावाशिवाय. त्यांच्या पकडीची नेमकी जागा मात्र त्यांच्या संमतीशिवाय जगजाहीर करू नका. ज्या माहितीवर एखाद्याचे घर चालते, ती आपल्या नोंदीसाठी फुकटात वाटून टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

संशोधन-संस्थांकडेही एक मागणे आहे. लोकांकडून नोंदी घेतल्या तर त्यांतून काय निघाले, हे त्यांच्या भाषेत त्यांना परत सांगितले पाहिजे. वेल्लारच्या काठी तमिळमध्ये, चिलिकाला ओडियात, सुंदरबनात बंगालीत. नोंदी गोळा करून निघून जाणे हे तरंगमबाडीहून बाटल्या जहाजात चढवण्यापेक्षा फारसे वेगळे नाही.

आजच्या डिजिटल नोंदीत चार रकाने असतात: काय, कुठे, केव्हा आणि कोणी. पहिले तीन फाब्रिसियसच्या काळातही कसेबसे भरले जात होते. चौथ्या रकान्यात खाडीकाठच्या माणसाचे नाव लिहिण्याची सोय मात्र आपल्या काळात झाली आहे. तो रकाना रिकामा ठेवू नका.